शोभेचे झाड छाटताना

आपल्या चंदगड तालुक्यात झाडांना तोटा नाही. पश्चिमेला तिलारीकडे आणि पारगडाकडे दाट रान आहे. डोंगरउतारावर काजू आहे. परसात माड आहे, पोफळ आहे, केळ आहे. ही झाडे कशी राखावी, कधी तोडावी, हे आपल्याला पुस्तकातून शिकावे लागत नाही. बापाने मुलाला दाखवले, मुलाने नातवाला दाखवले.

पण एक झाड असे आहे, की ते आपल्या वाडवडिलांनी लावलेले नाही. ते बागेच्या शोभेसाठी आले. शाळेपुढे, कचेरीपुढे, देवळाच्या आवारात, एखाद्या नव्या घराच्या अंगणात ते दिसते. बुंधा जाड आणि गिड्डा. बुंध्यावर सगळीकडे खवले. वर पानांचा गोल घेर. पान लांब, पिसासारखे. त्याच्या दोन्ही बाजूंना अरुंद, कडक पात्या असतात. पातीच्या टोकाला काटा असतो. लांबून पाहणाऱ्याला ते ठेंगण्या माडासारखे वाटते.

या झाडाला सायकस म्हणतात. लावताना ते एवढेसे असते. दहा-पंधरा वर्षांत ते पसरते. खालची पाने वाळून लोंबतात. बुंध्याभोवती पिल्ले फुटतात. वाट अडते. येणाऱ्या-जाणाऱ्याला काटे लागतात. मग कुणीतरी म्हणतो, "दादा, कोयता आण आणि एकदाच सगळं खाली काढ. ब्याद जाईल."

थांबा! कोयता उचलण्याआधी हा धडा वाचा. यात झाडाचा प्रश्न आहे आणि तुमच्या गोठ्यातल्या जनावराचाही आहे.

१. हा माड नव्हे

सायकस माडासारखा दिसतो, पण तो माडाच्या कुळातला नाही. माडाला फुले येतात, नारळ येतो. सायकसला फूलच येत नाही. त्याचे घराणे फार जुने आहे. पंचवीस कोटी वर्षांपूर्वीही या घराण्याची झाडे पृथ्वीवर होती. तेव्हा माणूस नव्हता. गाय-बैल नव्हते. माडही नव्हता.

सायकसमध्ये नर झाड वेगळे आणि मादी झाड वेगळे असते. नराच्या मधोमध एक कणीस उभे राहते. ते हातभर उंच होते. मादीच्या मधोमध लवदार गड्डा येतो. तो थोडासा कोबीच्या गड्ड्यासारखा दिसतो. पुढे त्यात नारिंगी-तांबड्या बिया धरतात. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटते, झाडाला काहीतरी रोग झाला. तो रोग नव्हे. तो गड्डा किंवा ते कणीस घाबरून तोडू नका.

हे झाड अगदी हळू वाढते. पण आयुष्य मोठे. लंडनजवळ क्यू नावाची मोठी बाग आहे. सायकसच्याच नात्यातले एक झाड दक्षिण आफ्रिकेतून १७७५ साली तिथे नेले. तेव्हा आपल्याकडे पेशवाई होती. पेशवाई गेली, इंग्रजी राज्य आले आणि गेले. ते झाड अजून जिवंत आहे, आणि तेही कुंडीत! म्हणून हे झाड छाटणाऱ्याने घाई करू नये. आपण दहा मिनिटांत जे तोडतो, ते भरून यायला झाडाला कित्येक वर्षे लागतात.

२. झाडाचा जीव कुठे आहे?

काजूची फांदी तोडली तर काय होते? खालच्या डोळ्यांतून नवे फुटवे येतात. जास्वंद छाटली तर ती जास्त दाट होते. या झाडांना अंगभर डोळे असतात. एक गेला तरी दुसरा फुटतो.

माडाचे तसे नाही. माडाचा जीव शेंड्यात. शेंड्यातला कोंब एकच. गेंड्या भुंग्याने तो कोंब पोखरून मारला, की माड मेला. हे तुम्हाला ठाऊक आहे. म्हणूनच जाणता माणूस माडावर चढला, की वाळलेली झावळी काढतो, पण मधल्या कोंबाला हात लावत नाही.

सायकसचेही बरेचसे असेच आहे. एका बुंध्याला वर एकच शेंडा. सगळी नवी पाने तिथूनच येतात. तीही एकेक येत नाहीत. बहुधा वर्षातून एकदा, एकदम एक घेरा फुटतो. हा शेंडा चिरला, कुजला, तर त्या बुंध्याची वाढ बहुधा तिथेच संपते. कधी बाजूने पिल्ले फुटतात. पण झाडाचा जुना डौल परत येत नाही.

मग हिरवी पाने तोडली तर काय? झाड लगेच मरेल असे नाही. त्याच्या बुंध्यात अन्नाचा साठा असतो. त्या जोरावर ते पुन्हा पाने काढील. पण तो साठा म्हणजे घरातले बियाणे. एका वर्षी बियाणे खाल्ले तर घर तगते. दरवर्षी खाल्ले तर पेरायचे काय? दरवर्षी हिरवी पाने तोडलेल्या सायकसची नवी पाने आखूड आणि थोडी येतात. पाने थोडी, म्हणून अन्न थोडे. अन्न थोडे, म्हणून पाने आणखी थोडी. झाड असे खंगत जाते.

३. कुठले पान काढावे?

यासाठी एक सोपी खूण सांगतो. शेतातले बुजगावणे डोळ्यांपुढे आणा. त्याचे दोन्ही हात आडवे पसरलेले असतात. सायकसपुढे उभे राहा आणि पाहा. जे पान बुजगावण्याच्या हातासारखे आडवे आहे, किंवा त्याच्या वर उभे आहे, ते राखायचे. जे हाताच्या खाली लोंबले आहे, ते आधी पाहायचे.

लोंबलेले पान पूर्ण वाळले आहे? मग ते काढा.

अर्धे पिवळे, अर्धे हिरवे आहे? मग वाट पाहा. असे पान निकामी नसते. त्यातले सत्त्व झाड हळूहळू ओढून घेत असते आणि नव्या पानांना देत असते. पूर्ण वाळू द्या, मग काढा.

हिरवे आहे, पण वाटेत येते, पोरांच्या डोळ्यांना काटा लागेल असे आहे? मग तेवढेच काढा. सगळा घेर साफ करू नका.

झाड फारच माजले असेल तर एका वर्षात सगळे काम उरकू नका. या वर्षी वाळलेली पाने काढा. पुढच्या वर्षी पिल्ले कमी करा. दोन-तीन वर्षांत झाड वळणावर येते.

४. कधी आणि कसे काढावे?

आपल्याकडे पाऊस मोठा. ओल्या हवेत घाव लवकर वाळत नाही, कुजतो. म्हणून पावसाळ्यात छाटणी नको. पाऊस उघडल्यावर, दसऱ्यानंतर, कोरड्या दिवसांत हे काम करा.

शेंड्यातून नवा घेरा फुटत असेल तर त्या दिवसांत झाडाजवळ काम करू नका. नवी पाने फार कोवळी असतात. धक्का लागला तरी मोडतात, वाकडी होतात. ती उघडून कडक होऊ द्या. मग छाटणी करा.

आता कामाची रीत पाहू.

पहिले काम, अंग झाका. पूर्ण बाह्यांचा सदरा घाला. हाताला जाड फडके किंवा पोते गुंडाळा. डोळे जपा. पातीचे टोक सुईसारखे असते, आणि देठाच्या खालच्या भागावरही काटे असतात.

दुसरे काम, वरची हिरवी पाने एकत्र धरून सुतळीने सैल बांधा. म्हणजे खालचा भाग मोकळा दिसतो आणि चांगल्या पानांना इजा होत नाही. काम झाले की सुतळी सोडायला विसरू नका.

तिसरे काम, हत्यार. धारदार विळा, बागेची कात्री किंवा लहान करवत घ्या. हत्यार आधी धुऊन, पुसून स्वच्छ करा. कुजलेल्या झाडावर चालवलेले हत्यार तसेच चांगल्या झाडावर चालवले, तर रोग इकडून तिकडे जातो.

चौथे काम, पान ओढून उपटू नका. ओढले की बुंध्याची साल सोलते. देठ बुंध्यापासून दोन-चार बोटे ठेवून कापा. राहिलेला खुंट वाळतो आणि बुंध्याचा खवला बनतो. हे खवले म्हणजे झाडाची ढाल. बुंधा गुळगुळीत दिसावा म्हणून ते तासू नका.

पाचवे काम, कोयत्याचा घाव वरून शेंड्याकडे कधीही घालू नका. हात निसटला तर जीवच कापला जाईल.

काम झाले की बुंध्याजवळची जमीन पाहा. तिथे पाणी साचते का? साचत असेल तर चर काढून द्या. सायकसला दुष्काळ सोसतो, पण मुळाशी डबके सोसत नाही.

५. नवी पाने कुरतडली तर

कधी कधी नवा घेरा येतो आणि चार दिवसांत त्याच्या नुसत्या शिरा उरतात. लोक म्हणतात, "झाड जळलं. वरून तोडून टाका." ही चूक करू नका. हे काम बहुधा एका लहानशा निळ्या फुलपाखराच्या अळ्यांचे असते. ते फुलपाखरू सायकसच्या कोवळ्या पानांवर अंडी घालते. अळ्या बारीक असतात. त्यांच्याभोवती मुंग्या फिरताना दिसतात. कोवळ्या पानांवर मुंग्यांची रांग दिसली, की जवळ जाऊन पाहा.

नवा कोंब दिसू लागला की रोज सकाळी नजर टाका. अंडी किंवा अळ्या दिसल्या तर पाण्याच्या जोरदार धारेने धुऊन काढा. निंबोळीच्या तेलाची सौम्य फवारणीही चालते. पाने कडक झाली की अळ्यांचा जोर संपतो. खाल्लेला घेरा विद्रूप दिसतो खरा, पण शेंडा शाबूत असेल तर पुढचा घेरा चांगला येतो. शेंडा तोडला, तर पुढचा घेरा येणार कुठून?

६. पिल्ले फेकू नका

बुंध्याच्या पायाशी केळीच्या मुनव्यांसारखी पिल्ले येतात. सगळी ठेवली तर झाडाचे बेट होते आणि मधला बुंधा दिसेनासा होतो. ती काढायला हरकत नाही. पण उकिरड्यावर टाकायची नाहीत. त्यांची नवी झाडे होतात.

पिल्लाभोवतीची माती उकरा. ते बुंध्याला जिथे चिकटले आहे, तिथे स्वच्छ हत्याराने वेगळे करा. बुंध्यावरच्या जखमेला बोर्डो मलम लावा. काजूच्या आणि पोफळीच्या बागायतदारांना ते माहीत आहे. पिल्लाची पाने काढून टाका. मग ते आठ-पंधरा दिवस सावलीत ठेवा. जखम वाळली पाहिजे. नंतर वाळू जास्त, माती कमी, अशा मिश्रणात अर्धे पुरा. पाणी बेताचे द्या. मुळे धरायला काही महिने लागतात. रोज उपटून पाहू नका!

एका पिल्लाची किंमत किती असते, ते ऐका. दक्षिण आफ्रिकेत १८९५ साली सायकसच्या नात्यातल्या एका नव्या जातीचे एकच झाड रानात सापडले. ते नर होते. मादी शोधून शोधून थकले, अजून मिळाली नाही. मादी नाही, म्हणून बी नाही. मग त्या जातीचा निर्वंश व्हायचा. पण जाणत्या माणसांनी त्याची पिल्ले काढली, जपून लावली. आज जगातल्या कित्येक बागांत त्या जातीची झाडे आहेत. ती सगळी त्या एकाच झाडाच्या पिल्लांची.

७. सर्वांत महत्त्वाचे : हे झाड विषारी आहे

आता मन लावून वाचा. घरच्या म्हाताऱ्यांना आणि लहान पोरांनाही वाचून दाखवा.

सायकसचे पान विषारी, बुंधा विषारी, मूळ विषारी. बी सर्वांत विषारी.

उभे झाड कुंपणात असते, तोवर जनावर सहसा त्याला तोंड लावत नाही. पात्या कडक आणि टोचऱ्या असतात. धोका छाटणीनंतर येतो. कापलेली पाने आपण रस्त्याच्या कडेला टाकतो. उन्हाळ्यात ओला चारा नसतो. भुकेले गुरू त्या ढिगात तोंड घालते. किंवा लग्नाच्या मांडवाला, गणपतीच्या आराशीला ही पाने लावतात. कार्य झाले की मांडव मोडतात आणि पाने उकिरड्यावर जातात. उकिरड्यावर शेळी येते, वासरू येते, कुत्रा येतो.

गुरांना या विषाने काय होते? त्यांचे काळीज बिघडते. मागचे पाय लटपटू लागतात. चालताना मागचा भाग झोकांड्या खातो. हा लुळेपणा एकदा आला की बरा होत नाही. आणि तो लगेच दिसतो असे नाही. खाल्ल्यावर काही दिवसांनी, काही आठवड्यांनी दिसतो. तोवर मालकाला ढिगाची आठवणही नसते. तो म्हणतो, "बैलाला वारं गेलं." कुत्र्याने एक-दोन बिया खाल्ल्या तरी तो मरू शकतो. माणसाला आधी ओकाऱ्या होतात, पोटात कळा येतात. लहान मुलांना तर तांबडे, गोल बी दिसले की खेळावेसे वाटते, तोंडात घालावेसे वाटते.

या विषावर नेमका उतारा नाही. म्हणून आधीच जपले पाहिजे.

कापलेली पाने, बिया आणि पिल्लांचे तुकडे त्याच दिवशी गोळा करा. गुरे जात नाहीत अशा जागी खोल खड्डा घेऊन पुरा. वर माती दाबा. ही पाने गोठ्यात अंथरू नका. वैरणीजवळ ठेवू नका. मादी झाडावर बिया धरल्या तर त्या गळून पडण्याआधी काढून पुरा. मांडवाला कमान हवी असेल तर केळीचे खांब लावा, माडाची झावळी लावा. आपल्याकडे त्यांची उणीव नाही.

एवढे करूनही जनावराने पाला खाल्ला, तर लक्षणांची वाट पाहू नका. लगेच जनावरांच्या दवाखान्यात न्या. त्या पाल्याचा तुकडा बरोबर घ्या. मुलाने बी खाल्ले तर तसेच तडक सरकारी दवाखाना गाठा आणि बी डॉक्टरांना दाखवा.

आणखी एक. इंग्रजीत या झाडाला साबुदाण्याच्या नावाने ओळखतात. म्हणून कुणाला वाटते, आपला साबुदाणा याचाच. तसे नाही. आपण उपवासाला खातो तो साबुदाणा टॅपिओका नावाच्या कंदाचा असतो. रताळ्यासारखा तो जमिनीत वाढतो. केरळात काही लोक रानातल्या सायकसच्या बियांचे पीठ करतात, हे खरे. पण ते बिया वाळवतात, पुन्हा पुन्हा भिजवतात, पाणी टाकून देतात. ती त्यांची पिढ्यान् पिढ्यांची रीत आहे. ऐकून आपण घरी करून पाहण्याची ती गोष्ट नव्हे.

८. रानातला भाऊ

अंगणातला सायकस बहुधा परदेशी, जपानकडचा असतो. पण सह्याद्रीच्या दक्षिणेकडच्या रानांत आपल्या देशाचा स्वतःचा सायकस आहे. शहरांत सजावटीला त्याची पाने लागतात, म्हणून लोक ती ओरबाडून नेतात. बिया नेतात. रानही कमी झाले. आज ते झाड जगातल्या धोक्यात आलेल्या झाडांच्या यादीत आहे. तिरुपतीच्या भोवतालच्या डोंगरांत आणखी एक जात आहे. तिला वन्यजीवांच्या कायद्याने संरक्षण दिले आहे.

अंगणातल्या झाडाला आपण खत देऊ, पाणी देऊ. रानातल्याला कोण देणार? चार पैशांसाठी रानातल्या झाडाचा घेर कुणी मागितला, तर देऊ नका.

लक्षात ठेवा

शेंडा राखा.
वाळलेले काढा, हिरवे ठेवा.
पाऊस उघडल्यावर छाटा.
पिल्ले लावा, फेकू नका.
कापलेला पाला त्याच दिवशी पुरा.

कुठल्याही झाडावर घाव घालण्याआधी दोन गोष्टी विचाराव्या. याचा जीव कुठे आहे? आणि तोडलेले कुणाच्या तोंडात जाईल? ज्याने एवढे विचारले, त्याचा कोयता कधी वाईट काम करणार नाही.

सांगा पाहू

१. काजूची छाटणी आणि सायकसची छाटणी यांत काय फरक आहे?
२. अर्धे पिवळे झालेले पान लगेच का काढू नये?
३. बुजगावण्याची खूण तुमच्या शेजाऱ्याला समजावून सांगा.
४. तुमच्या गावात सायकसची झाडे कुठे कुठे आहेत? त्यांचा कापलेला पाला कुठे जातो, ते पाहून या आणि वर्गात सांगा.